चार दारांचा डबा

सुनीतीबाई आपटे यांनी महाडच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, पण गावाने त्यांना लक्षात ठेवलं ते परीक्षेतल्या पहाऱ्यासाठी. बाई वर्गाच्या दारात दिसल्या की निरपराध पोरंसुद्धा आपणहून बाह्या वर करून दाखवायची. बाईंनी कधी कुणाला मारलं नाही, आरडाओरडा तर नाहीच नाही. नक्कल करताना कुणी सापडला की कपाटातून लाल पुठ्ठ्याची एक वही काढायच्या, त्याच्या पुढ्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काय केलंस ते तुझ्या हाताने लिही आणि खाली सही कर." त्यापेक्षा छडी परवडली असती, असं लोक अजून सांगतात. सांगणाऱ्यांत एक डॉक्टर आहे आणि दोन माजी सरपंच आहेत.

माणूस निवृत्त होतो, त्याची खोड थोडीच निवृत्त होते! भाजीवाल्याने किलो म्हणून दिलेली वांगी बाई घरी आणून पुन्हा काट्यावर टाकायच्या. गॅसचा सिलिंडर आला की सील बोटाने चाचपायच्या. गुडघ्यासाठी रविवारी सवेच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायच्या, तर तिथेही पाण्यात उतरण्याआधी चपला पिशवीत आणि पिशवी नजरेसमोर. यजमान होते तेव्हा हसायचे, म्हणायचे, "अगो, चपला न्यायला चोर सवेपर्यंत येईल होय?" बाई म्हणायच्या, "चोर येत नसतो, तो तिथेच बसलेला असतो."

तर अशा बाईंकडे पोलादपूरकडची माणसं आपल्या घराण्याचे कागद घेऊन यायची, याचं बाहेरच्यांना नवल वाटायचं. कारण साधं होतं. बाईंना मोडी लिपी वाचता यायची, सासऱ्यांकडून शिकल्या होत्या. वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, विहिरीच्या पाण्याचे करार, असं शेदीडशे वर्षांचं काय काय लोकांच्या पेट्यांतून फडक्यात बांधून पडलेलं असतं. त्याची अक्षरं लावून देणारं माणूस पंचक्रोशीत बाईच. आणि या लोकांची एक रीत होती. कागदांचा बस्ता परक्याच्या घरी ठेवायचा नाही. बाई वाचेपर्यंत बाहेरच्या पडवीत बसून राहायचं, काम झालं की बस्ता काखेत मारून परत. एक भावकी आत असली तर दुसरीने आत डोकवायचंही नाही. कारण कागद निघतो तो बहुतेक चुलतभावाविरुद्धच निघतो. बाईंकडचा शब्द बाहेर फुटत नाही, एवढ्या एका भरवशावर हे चाललं होतं, आणि त्या भरवशाचा बाईंना फार अभिमान होता.

कागद वाचण्याआधी बाई त्याचं स्कॅन करून ठेवायच्या. कडेला शाळेतली लाकडी फूटपट्टी ठेवायच्या, माप कळावं म्हणून. पट्टीचा एक कोपरा तुटका होता आणि मधोमध निळ्या शाईचा डाग होता, तो प्रत्येक स्कॅनमध्ये उमटायचा. अशी हजारो पानं झाली तेव्हा ती ठेवायला एक डबा आणायचं ठरलं. डबा म्हणजे चपलांच्या खोक्याएवढं यंत्र. आत दोन डिस्का, मागे एक तार. घरातल्या सगळ्या संगणकांनी मिळून एकाच जागी फायली ठेवायची सोय. तो बसवायला आला जुनैद.

जुनैद दासगावचा. चाळिशीकडे झुकलेला, शांत माणूस. बारा वर्षं कतारमध्ये हॉटेलांची नेटवर्कं जोडून परत आला होता आणि बाजारपेठेत कॅमेरे, वायफाय, संगणक यांचं दुकान चालवत होता. कामाला चोख, सगळे सांगायचे. पण बाईंची पंचाईत अशी, की तो शिकला उर्दू शाळेत. गावातलं पोर न पोर बाईंच्या हाताखालून गेलेलं. कोण चिठ्ठी मोज्यात लपवायचा आणि कोण कंपासपेटीत, हे बाईंना पाठ. जुनैदचं काहीच ठाऊक नव्हतं. आणखीही एक कारण होतं, ते बाई स्वतःशीसुद्धा बोलत नसत. जुनैदच्या जागी एखादा साठे किंवा लेले असता तर बाईंनी एवढा पहारा केला असता का? केला असता. पण जरा कमी.

डबा पुराच्या रेषेच्या वर, माडीवर ठेवला. जुनैद खुर्चीवर बसला आणि बाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या, परीक्षेत राहायच्या तशा.

"बाई, या डब्याशी बोलायच्या चार पद्धती आहेत," जुनैद म्हणाला. "प्रोटोकॉल म्हणतात. चार दारंच समजा. तुमचा एक संगणक विंडोजवाला, स्कॅनरचा जुना संगणक लिनक्सवाला. कुठलं दार ठेवायचं ते ठरवूया."

"चारही सांगा. सावकाश."

"पहिलं एसएमबी. हे नाव विचारतं, पासवर्ड विचारतं, मग आत घेतं. दुसरं एनएफएस. हे माणसाला विचारत नाही, संगणकाचा पत्ता बघतं. ओळखीच्या घरातून आला, म्हणजे आपला."

"म्हणजे आडनाव बघून आत घेण्यासारखं."

"तसंच. तिसरं एफटीपी. जुनं आहे, पण यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो. चौथं वेबडॅव, बाहेरगावाहून ब्राउझरने बघायला. ते तुम्हाला नकोच. माझं ऐकाल तर एसएमबी एकटं ठेवा, तेही नवीन आवृत्तीचं. तुमचा लिनक्सवाला संगणकपण त्याच दाराने येतो. बाकी तीन बंद."

झालं! बाईंच्या मनात पाल चुकचुकली. दारं चार, आणि हा तीन बंद करतो. उरलेल्या एकाची कुलूपकिल्ली यानेच बसवलेली. उद्या याच्या मनात आलं तर आपण आपल्याच कागदांबाहेर! कुठेतरी पाणी मुरतंय, असं बाईंना अगदी आतून वाटलं.

"आता पासवर्ड तुम्ही टाका," असं म्हणून जुनैद उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. समोर कालनिर्णय होतं, ते वाचत राहिला. बाईंनी पासवर्ड टाकला, पण एकेक बटण हळूच दाबून. हा पाठमोरा का? बटणांचे आवाज तर मोजत नसेल ना? दहावीच्या परीक्षेत एक पोरगा मित्राच्या खोकल्याच्या खुणेवरून उत्तरं घेताना त्यांनी पकडला होता. माणसं काय वाट्टेल ते करतात.

जाताना जुनैदने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे डबा हजेरी ठेवतो. कोण आलं, कधी आलं, काय बघितलं, काय बदललं, सगळं लिहिलं जातं, आणि ती हजेरी कशी बघायची हे त्याने बाईंना शिकवलं. दुसरी गोष्ट, पडवीत बसणाऱ्या लोकांना घरचं वायफाय देऊ नका.

"मी माझं वायफाय कुणाला देते याच्याशी यांना काय करायचंय?" तो जिना उतरल्यावर बाई पुटपुटल्या.

वायफाय त्या देत होत्या आणि त्यालाही कारण संशयच होता. पडवीत बसलेली माणसं माना लांब करून आत बघतात, दुसऱ्याचा कागद दिसतोय का म्हणून. मोबाइल हातात दिला की तिथेच गुंग होतात. पासवर्ड बाईंनी पुठ्ठ्यावर लिहून पडवीत टांगलाच होता.

मग एका रविवारी दुपारी चार वाजता पुण्याहून भाच्याचा, रुचिरचा, फोन आला. तो संगणकातला. बाईंनी त्याला विचारलं, "त्या जुनैदचं दार सोडून मला माझं वेगळं दार ठेवता येईल का रे?"

"येईल की आत्या. एफटीपी चालू कर. मी सांगतो तसं दाबत जा."

"पण त्यात पासवर्ड उघडा जातो म्हणे. त्या माणसाने वाटेत पाहिला तर?"

"मग पासवर्डच ठेवू नकोस. बिनपासवर्डचं, फक्त वाचण्यापुरतं. घरच्या वायफायच्या बाहेरचं कुणी येऊ शकत नाही. पण चाचणीपुरतंच हं, मग बंद कर."

हे बाईंना एकदम पटलं. जिथे पासवर्डच नाही तिथे चोरणार काय? त्यांनी लॅपटॉपवर सांगितलं तसं दाबलं, फायली दिसल्या, जिवाला बरं वाटलं. चाचणी झाली. दार तसंच राहिलं, कारण ते ठेवण्यासाठीच तर उघडलं होतं. पडवीतला पुठ्ठा काही त्यांना आठवला नाही.

त्याच आठवड्यात पोलादपूरकडच्या उमरठचा भिकू आला. साठी उलटलेला, काटक म्हातारा. वरच्या झऱ्याच्या पाण्यावरून आणि तिकडे जाणाऱ्या वाटेवरून त्याचं चुलतपुतण्याशी, रितेशशी, तहसीलात चाललेलं. आजोबाच्या आजोबाने केलेलं वाटणीपत्र भिकूच्या बस्त्यात होतं आणि सुनावणीपर्यंत ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. बाईंनी वाचून दाखवलं. पाणी भिकूच्या घराण्याचं निघालं. म्हातारा इतका हरखला, की त्याने कधी कुणी केलं नव्हतं ते केलं.

"बाई, बस्ता तुमच्याकडंच ऱ्हावंदे. घरी वाळवी लागलीय. नि तुमच्यासारकी इस्वासाची जागा नाय."

बाईंनी बस्ता कपाटात ठेवला. दोन दिवस त्या कपाटाकडे नुसतं बघायच्या आणि खूश व्हायच्या. एकतीस वर्षं सगळ्या गावावर अविश्वास दाखवून झाला, पण बाईंवर विश्वास टाकणारा माणूस शेवटी निघालाच.

आणि आठव्या दिवशी भिकू परत आला, तो चप्पल न काढता. हातात एक प्रिंट होती.

"बाई, ह्यो कागद रितेशच्या हातात कसा गेला? तलाठ्याच्या टेबलावर आपटलान! म्हनतो, आता वकील लावून ह्याचा अर्थच फिरवतो."

बाईंनी प्रिंट घेतली. वाटणीपत्रच होतं. कडेला तुटक्या कोपऱ्याची फूटपट्टी होती, मधोमध शाईचा डाग होता. कागद बाईंच्याच घरातून गेला होता. शंकेला जागाच नव्हती.

 बाईंच्या तोंडातून पहिला शब्द जो निघाला तो असा: "तो डबा बसवणारा. जुनैद. त्यानेच."

"दासगावचा? तो मुसलमान?" भिकू म्हणाला. "मंग बरोबर."

एवढंच. 'मग बरोबर' कसं, हे ना त्याने सांगितलं ना बाईंनी विचारलं. एरवी 'का' आणि 'कशावरून' विचारून पोरांचा जीव खाणाऱ्या बाई त्या वेळी गप्प बसल्या.

भिकूने ते पोलादपूरच्या स्टँडवर सांगितलं. स्टँडवर सांगितलं म्हणजे तालुक्याला सांगितलं. चार दिवसांत पोलादपूरच्या दोन दुकानदारांनी जुनैदला कळवलं, कॅमेरे बसवायला येऊ नकोस. महाडात एकाने ठरलेलं काम काढून घेतलं. पेठेतून जाताना बाईंना त्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं दिसलं. तेव्हा बाईंना जरा कसंतरी झालं, पण मनाला त्यांनी दटावलं: चोराची कीव करायची नसते.

सोमवारी सकाळी जुनैद आला. जिना चढून वर आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"बाई, मी आत येत नाही. लॅपटॉपला हातपण लावत नाही. तुम्हीच हजेरी काढा. माझं नाव असेल तर मी स्वतः भिकूकाकांकडे जाऊन पाया पडतो."

आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा उतरलेला होता. घरी आई खैरूनबी दोन दिवस जेवली नाही, म्हणाली होती, कतारमध्ये होतास तेच बरं होतं. हे त्याने बाईंना सांगितलं नाही. पुढे कधीतरी कळलं.

"दाखवते ना," बाई म्हणाल्या. "दूध का दूध होऊन जाऊ दे."

बाई लॅपटॉपपुढे बसल्या. पासवर्ड टाकायची वेळ आली आणि जुनैद, इतकं सगळं होऊनसुद्धा, सवयीने भिंतीकडे वळला. तेच कालनिर्णय, महिना तेवढा बदललेला.

बाईंनी हजेरी उघडली आणि बोटाने ओळी मागे सरकवू लागल्या. गुरुवार, सकाळी अकरा वीस. दार: एफटीपी. नाव: बिनपासवर्डचा पाहुणा. फायली तीन, तिन्ही उमरठच्या. पुढे पत्ता. वायफायच्या यादीत त्या पत्त्यासमोर फोनचं नाव होतं, रितेश.

सापडला! बाईंना आठवलं. गुरुवारी पडवीत टोपीवाला एक तरुण बसला होता, मुंबईहून आलोय म्हणाला, कागद वाचून घ्यायचाय म्हणाला, आणि तासाभराने वाट न बघता निघून गेला. बाईंचा ऊर भरून आला. वय झालं तरी नजर तीच!

पण हा शिरला कुठून? एफटीपी तर जुनैदने बंद केलं होतं. बाईंनी अजून मागे सरकवलं. रविवार, दुपारी चार बारा. 'एफटीपी सुरू केले. पाहुण्यांना सर्व फोल्डर वाचण्याची परवानगी.' करणाऱ्याचं नाव: सुनीती. संगणक: हाच.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. रुचिरचा फोन आठवला. पडवीतला पुठ्ठा आठवला. 

"दिसलं का काही, बाई?" भिंतीकडे तोंड करूनच जुनैदने विचारलं.

बाईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं. तो बघत नव्हता. खालची ओळ तेवढी दाखवायची आणि वरची सरकवून टाकायची, काम भागत होतं. चोर रितेश. जुनैद सुटला. पण मग दार कुणी उघडं ठेवलं, असं लोक विचारतील, आणि उत्तरही लोकच देतील: बसवणाऱ्याने, दुसरं कोण? बाईंना बोलायचीसुद्धा गरज पडणार नव्हती. एक बोट हलवायचं होतं फक्त.

एकतीस वर्षांत बाईंनी शेकडो चिठ्ठ्या पकडल्या होत्या. चिठ्ठी मुठीत असताना पोराच्या पोटात काय होतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. लाज वाटली, फार वाटली. आणि भीतीही वाटली, की आता आपल्याकडे कोण येईल?

"वळा, जुनैद," बाई म्हणाल्या. "इथे या आणि वाचा. दोन्ही ओळी वाचा."

जुनैदने वाचलं.  म्हणाला, "मला विचारायचं होतं, बाई. एक फोन करायचा होता."

"तुमच्यावरच संशय होता. तुम्हाला कशी विचारणार?"

 जुनैदने पाण्याचा पेला मागितला, प्यायला, आणि बाईंच्या समोर एफटीपी बंद केलं. बाई उठल्या. पडवीतला पुठ्ठा ओढून काढला, चार तुकडे केले. मग कपाट उघडलं. लाल वही काढली. शेवटचं पान कोरं होतं. उभ्या उभ्याच लिहिलं, खाली सही केली. भिकूचा बस्ता काखेत घेतला आणि म्हणाल्या, "चला. पोलादपूरला."

दोघं एसटीने गेले.  भिकू स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर होता, सोबत पाचसहा माणसं होती. जुनैदला पाहून एकाने बाकावरची आपली पिशवी जवळ ओढली. ते बाईंनी पाहिलं. अशी पिशवी ओढण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता.

बाईंनी वही उघडली आणि वर्गात वाचायच्या तशा खणखणीत आवाजात वाचलं, "माझ्या घरच्या डब्याचं बंद दार मी माझ्या हाताने उघडलं, कारण ते बंद करणाऱ्या जुनैदवर माझा विश्वास नव्हता. त्या दाराने रितेशने भिकूंचा कागद नेला. वायफायचा पासवर्ड मीच पडवीत टांगला होता. नंतर मी जुनैदचं नाव घेतलं, ते खोटं होतं. सुनीती आपटे."

वही मिटून त्यांनी काखेतला बस्ता पुढे केला.

"तुमचा बस्ता, भिकू," बाई म्हणाल्या.  "घेऊन जा. ठेवायला माझी जागा राहिली नाही."

भिकूने बस्ता घेतला. गाठ चाचपली. बाईंकडे पाहिलं नाही. मग जुनैदकडे वळला, खाली बघत म्हणाला, "मी बोललो तुमच्याबद्दल. लय बोललो. चुकलं." थोडा थांबला आणि बस्ता पुढे केला. "तुमी ठेवता काय ह्यो?"

जुनैदने हात मागे घेतले.

"मला मोडी येत नाय, काका. माझ्याकडे हे फडकं राहील नुसतं. कागद बाईंकडंच राहू दे. दारांचं मी बघतो."

भिकू बस्ता धरून उभा राहिला. एसटी आली, गेली. शेवटी त्याने बस्ता बाईंच्या हातात ठेवला आणि बोट उगारून म्हणाला, "पन आता वायफाय कुनाला द्यायचा नाय, सांगून ठेवतो."

"नाही देणार," बाई म्हणाल्या, वर्गात उभ्या केलेल्या मुलीसारख्या, मान खाली घालून.